गुरुवारपर्यंत एक मित्र हवा आहे

साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. ('सप्रेम' हा शब्द मी तुम्हाला उद्देशून पहिल्यांदाच लिहितोय. दचकू नका. नुसतं 'नमस्कार' लिहून बघितलं, तर वीज कंपनीला तक्रारअर्ज केल्यासारखं दिसायला लागलं.) तुमची तब्येत ठणठणीत असणार, ती नेहमीच असते. आमच्या हिच्याकडून तुमच्या तब्येतीची बातमी मला अधूनमधून मिळत असते, बहुतेक वेळा माझ्या तब्येतीशी तुलना करताना. ताईंच्या गुडघ्यांना आराम पडला असेल. तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्या, तुमचा रक्तदाब आणि खालच्या मजल्यावरचा तो विनाकारण भुंकणारा कुत्रा, सगळे आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे, असं पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहितो.

एकाच शहरात राहून हा माणूस फोन करायचा सोडून पत्र का लिहीत बसलाय, असं तुमच्या मनात आलं असेल. कारण अगदी साधं आहे. मी फोन केला की तुम्ही "हां, थांबा, हिला देतो" म्हणता. तुम्ही केलात की मीही तेच करतो. आपल्या दोघांमध्ये जे काही बोलणं झालंय ते दोन बहिणींच्या मार्फत झालंय. घरात काही कार्य असलं की आपल्याला एका सोफ्यावर शेजारी शेजारी बसवतात, "तुम्ही बोला हं" म्हणतात आणि दोघी आत निघून जातात. मग मी विचारतो, कुठल्या रस्त्यानं आलात? तुम्ही सांगता. मग तुम्ही विचारता, मी कुठल्या रस्त्यानं आलो. मी सांगतो. मग आपण दोघं मिळून पंख्याकडे बघतो. परत जाताना ही गाडीत विचारते, काय म्हणत होते भाऊजी? मी म्हणतो, मजेत आहेत. पत्राचा फायदा असा की तुम्हाला ते मध्येच ताईंच्या हातात देता येत नाही. (म्हणजे देता येतं, पण कृपा करून देऊ नका. का, ते पुढे येईलच.)

तर मुद्द्याची गोष्ट. मला येत्या गुरुवारपर्यंत एक मित्र हवा आहे. हसू नका. मी काही उतारवयात लाडात आलेलो नाही, ही वैद्यकीय गरज आहे. गेले काही महिने जेवताना माझा घास छातीशी अडकतो. आधी मी म्हटलं, हिच्या पोळ्या. मग ही लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि मी स्वतः केलेला भातही अडकायला लागला, तेव्हा पोळ्या निर्दोष सुटल्या. पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आत काहीतरी वाढल्यासारखं दिसतंय, गुरुवारी घशातून दुर्बीण घालू, त्याचा तुकडा काढू आणि तपासायला पाठवू. बहुतेक काही नसेल. हे 'बहुतेक' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. ज्याला गाडी मागे घेता येत नाही अशा माणसाला परीक्षेच्या दिवशी मीही हाच शब्द देतो आणि वर पाठीवर थाप मारतो. डॉक्टरांनीही थाप मारली, तेव्हा मी काय ते समजलो. तर गुंगीचं इंजेक्शन देणार, म्हणून बरोबर कुणीतरी पाहिजे. नेणारं, बाहेर बसणारं आणि शुद्धीवर आल्यावर घरी आणून सोडणारं. एकट्या माणसाला आम्ही टेबलावर घेतच नाही, म्हणाले. मी सांगितलं, बायको लेकीकडे आहे, नातू जेमतेम डोळे उघडायला लागलाय. तिला कळलं तर ती ते पोर पाळण्यात टाकून मिळेल त्या गाडीनं इकडे येईल आणि तिकडे लेकीचे हाल होतील. जावई कामावर, त्याला सांगितलं की लेकीला कळलंच. डॉक्टर म्हणाले, मग मित्राला घेऊन या. येताना स्वेटर घेऊन या म्हणावं इतक्या सहज म्हणाले. मी म्हटलं, आणतो. जिना उतरून खाली आलो, गाडीत बसलो, किल्ली लावली आणि मग माझ्या लक्षात आलं की आणतो म्हणालो खरा, पण कुठून?

तुम्हाला यातली गंमत कळायची नाही. तुम्ही मॅनेजर होतात, तुमच्या भोवती माणसं. निवृत्त झाल्यावरही तुमचा तो ग्रुप आहेच. दर रविवारी सकाळी तुम्ही त्यांच्याबरोबर बाहेर पडता आणि दुपारी हसतमुखानं घरी येता, हे ताई हिला सांगतात आणि ही मला ऐकवते. "बघा जरा भाऊजींकडे, या वयात किती माणसं जोडलीत! नाहीतर तुम्ही." हे 'नाहीतर तुम्ही' आमच्या घरात तुमच्यामुळे आलेलं आहे, साडूभाऊ, याची नोंद असावी. माझा धंदा ड्रायव्हिंग स्कूलचा. उभा जन्म मी अनोळखी माणसांच्या शेजारी बसून काढला. मला वाटायचं, इतकी माणसं शेजारी बसली म्हणजे मित्रही झाले असतील. त्या दिवशी फोन उघडून बघितला. माझ्या फोनात शेकड्यांनी माणसं आहेत, शिकताना केलेल्या प्रतापांवरून नावं दिलेली: खांबवाले. रिव्हर्स रडणारी. क्लच सोडत नाही. गेटवाले वकील. पुन्हा गेटवाले वकील. यांपैकी कुणाला फोन करून सांगणार, की मी तोच, ज्याच्यासमोर तुम्ही भर चौकात गाडी बंद पाडून देवाचा धावा केलात, तर गुरुवारी माझ्यासोबत दवाखान्यात याल का? लायसन्स मिळाल्यावर माणूस मला रस्त्यात बघून पलीकडच्या फुटपाथवर जातो. मी त्याला सगळ्यात वाईट अवस्थेत बघितलेलं असतं. न्हाव्याचं आणि सासऱ्याचं असं होत नाही, माझंच होतं.

आता आमच्या तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. माझ्याच वयाचे, बायको नोकरीनिमित्त परगावी, स्वभावानं गरीब. मी म्हटलं, हा माणूस बरा. बोलायला अवघड जाणार नाही, कारण त्यांना समोरच्यानं उत्तर द्यायची सवयच नाही. त्यांचा सगळा धंदा समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याला गप्प करण्याचा. मी दोन दिवस फाटकापाशी विनाकारण रेंगाळलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून गाडी थांबवली आणि विचारलं, कुठे सोडू का? माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. गुरुवारची रंगीत तालीमच म्हणा ना! मी बसलो. आता तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, आमच्या शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस काय करतोय ते बघायचं आणि वेळ आली की आपला पाय दाबायचा, यावर माझं घर चाललंय. दातांच्या डॉक्टरांच्या गाडीत माझ्या पायाशी नुसतं पायपुसणं होतं. पहिल्याच वळणाला मी ते इतक्या जोरात दाबलं की डॉक्टरांनी विचारलं, पेटका आला का? मी म्हटलं, छे छे. मग तोंडातून निघून गेलं, आरसा. मग, दुसरा गिअर टाका. मग, टाका म्हणतोय ना. (माझा आवाज तेव्हा कसा असतो ते मी कधी ऐकलेलं नाही, पण आमची ही म्हणते की त्या आवाजाला घाबरून तिनं गाडी शिकायचं सोडलं.) बिचारे घाबरून खरंच दुसरा टाकते झाले. पुढे एक सायकलवाला आडवा आला. तो बराच लांब होता, हे मी आता कबूल करतो. पण माझ्या पायाला ब्रेक सापडेना, तेव्हा हातानं आपला मार्ग शोधला आणि मी मधला हँडब्रेक खसकन ओढला. मागून कर्कश हॉर्न, पुढे सायकलवाला हात जोडून उभा आणि मध्ये आम्ही दोघे रस्त्यात आडवे. डॉक्टरांनी गाडी सरळ करून कडेला घेतली. मग फक्त एवढंच म्हणाले, इथून बाजार जवळ आहे. मी उतरलो. आता ते घरातून निघण्यापूर्वी खिडकीचा पडदा सरकवून मी कुठे आहे ते बघतात.

मग मी ठरवलं, नवा मित्र जमत नसेल तर जुना शोधू. शाळेत माझ्या बाकावर बोका म्हणून एक होता. आता बांधकामाचा मोठा कंत्राटदार आहे, पण आम्ही बोकाच म्हणतो. (म्हणतो म्हणजे, म्हणत होतो. किती वर्षांत बोललेलो नाही ते मोजायला नको.) त्याचा नंबर शाळेच्या ग्रुपवर मिळाला. या ग्रुपमध्ये मीही आहे, पण मी तिथे कधी काही लिहीत नाही, सुप्रभाताची फुलं तेवढी बघतो. फोन लावला. पलीकडून तोच आवाज, थोडा जाड झालेला: हॅलो, कोण? आणि साडूभाऊ, माझी वाचाच बसली. हॅलोच्या पुढे काय बोलायचं याचा मी विचारच केला नव्हता. मित्र हवा आहे, असं कुणी म्हणतं का? दूध हवं आहे म्हणता येतं. मी नुसता श्वास घेत राहिलो आणि फोन ठेवून दिला. त्यानं उलट फोन केला, मी उचलला नाही. पुन्हा केला, तरी उचलला नाही. उचलून काय सांगणार, की मघाशी श्वास घेत होतो तो मीच?

आता बोक्याच्या बाजूनं बघा. आपल्या वयाचा पुरुष दुसऱ्या पुरुषाला एवढ्या वर्षांनी फोन करतो तो एकाच कारणासाठी, कुणीतरी गेल्याचं कळवायला. इथे तर फोन आला, पलीकडे कुणीतरी नुसता हुंदक्यासारखा श्वास घेतला आणि नंतर फोन कुणी उचलेना. बोक्यानं दोनात दोन मिळवले. घरच्या माणसानं कळवायला फोन लावला असणार आणि रडू आवरेना म्हणून बोलता आलं नसणार. तासाभरात ग्रुपवर आलं: कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपला बालमित्र, हसतमुख, मनमिळाऊ... पुढे मी.

मी तेव्हा चहा घेत होतो. आधी वाटलं, ताबडतोब लिहावं की बाबांनो, मी आहे. पण तेवढ्यात खाली हात जोडलेली चित्रं धडाधड यायला लागली आणि म्हटलं, जरा बघू तरी. काय सांगू तुम्हाला! जो तो माझा जिवाभावाचा. एकानं लिहिलं, असा दिलदार दोस्त पुन्हा होणे नाही. एकाला म्हणे मी सायकल शिकवली होती. (मला स्वतःला सायकल येत नाही. चारचाकीवर आलो तोच थेट.) एकानं लिहिलं, गेल्याच महिन्यात बाजारात भेटला होता, चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं. गेल्या महिन्यात मी बाजारात पाऊल टाकलेलं नाही, ते तेज कुणाचं होतं कुणास ठाऊक. मग कुणीतरी वर्गाचा जुना फोटो काढला आणि माझ्या चेहऱ्याभोवती लाल गोल करून टाकला. गोल माझ्याभोवती नव्हता, माझ्या शेजारच्या पोराभोवती होता. तो शेजारचाही ग्रुपमध्ये आहे आणि त्यानंही स्वतःच्या फोटोखाली हात जोडले. संध्याकाळी शोकसभेचं ठरायला लागलं. कोण कुणाला गाडीतून आणणार, हॉल कुणाचा, परगावचे आदल्या दिवशी कुणाकडे उतरणार. एक तर म्हणाला, हातातली सगळी कामं टाकून येतो, याच्यासाठी नाही यायचं तर कुणासाठी? आणि काय सांगू, मी वाचत बसलो आणि माझे डोळे भरून आले. इतकी माणसं माझी होती आणि मला पत्ताच नव्हता. खरं लिहितो, दिवे लावायचंही भान राहिलं नाही. मी जिवंत आहे हे सांगायचं जिवावर आलं. सगळं इतकं छान जमत आलं होतं, मी कशाला मध्ये येऊ?

शेवटी लिहिलं. मित्रांनो, मी आहे, गैरसमज झाला, आभारी आहे. हात जोडलेली चित्रं यायची थांबली. मग एकाचा अंगठा आला. एकानं लिहिलं, अरे वा. ज्याच्याभोवती गोल होता तो म्हणाला, अशी थट्टा बरी नव्हे. बोक्यानं वेगळा फोन करून मला झाडलं, की त्याची ग्रुपमध्ये काय किंमत राहिली. मी म्हटलं, लोखंड तापलेलं आहे, आताच विचारावं. म्हणून ग्रुपवर लिहिलं, गुरुवारी सकाळी माझी छोटीशी तपासणी आहे, कुणी सोबत येऊ शकेल का? एकाची मीटिंग. एकाचं पथ्य. एकाच्या घरी प्लंबर. ज्याचं हातातली सगळी कामं टाकून यायचं ठरलं होतं, त्याची कामं पुन्हा हातात आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं नेहमीप्रमाणे सुरू झाली. मेलो असतो तर हॉल भरला असता, साडूभाऊ. जगायला निघालो तर एक माणूस मिळेना.

परवा रविवार होता. घरात बसवेना, छातीशी हात लावून बघायचा चाळाच लागलाय. पेपरात एका सिनेमाची जाहिरात होती, चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या पुरुषांना मित्र कसे मिळत नाहीत यावर काळ्या विनोदाचा चित्रपट म्हणे. म्हटलं, चला, आपल्यावर कुणी विनोद केलाय ते तरी बघू. सकाळचा खेळ. सिनेमात एक मध्यमवयीन गृहस्थ मित्र मिळवण्यासाठी अनोळखी लोकांच्या अंत्यविधीला जायला लागतो, कारण पुरुष पुरुषाच्या खांद्यावर हात ठेवतो तो तिथेच. पुढे त्याला त्याची इतकी गोडी लागते की कुणी मरेना झालं की तो बेचैन होतो. पुढचं सांगत नाही. (सांगायची गरजही नाही, पण त्याबद्दल शेवटी.) सिनेमा बरा होता, पण खरा खेळ पडद्याच्या अलीकडे चालला होता. थिएटर जवळपास रिकामं. एक बाई नाही, एक जोडपं नाही. सगळे माझ्या वयाचे पुरुष, सगळे एकेकटे, आणि प्रत्येकानं दोन्ही बाजूंना खुर्च्या मोकळ्या राहतील अशी जागा धरलेली. विनोद झाला की एक इकडे हसायचा, एक तिकडे, एकत्र म्हणून कुणी नाही. आणि हसून झालं की आपण हसलेलं कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून प्रत्येक जण हळूच आजूबाजूला बघायचा.

मध्यंतरात सगळे बाहेर येऊन भिंतीवरची पोस्टरं वाचत उभे राहिले. मी हिय्या केला आणि शेजारच्या चष्मेवाल्याला विचारलं, कसा वाटतोय? तो दचकून म्हणाला, मी एकटा नाही, माझा मित्र येतोय. मी म्हटलं, अर्धा सिनेमा झाला. तो म्हणाला, हो, त्याला नेहमीच उशीर होतो. आणि मग त्यानं खरंच दाराकडे वाट बघितली, मला खोटं वाटू नये म्हणून, पुढचा भाग सुरू होईपर्यंत. सिनेमा संपल्यावर तर कहर झाला. दिवे लागले तरी कुणी उठेना. पडद्यावर शिंप्याचं, सुताराचं, चहा देणाऱ्याचं नाव येऊन गेलं, तरी सगळे मोठ्या अभ्यासू चेहऱ्यानं वाचतायत. कारण उठलं की दारापाशी दुसऱ्याची गाठ पडणार, आणि अशा सिनेमाला एकटं आलेलं पकडलं जाणं म्हणजे औषधाच्या दुकानात रांगेत उभं राहून आपल्या रोगाचं नाव मोठ्यानं सांगण्यासारखं. शेवटी झाडूवाली बाई आली आणि तिनं आम्हाला पायांवर झाडू मारून मारून एकेकाला बाहेर काढलं.

असं सगळं आहे. आता तुम्ही म्हणाल, याला माझ्याकडून काय हवंय? फार काही नाही. तुमच्याकडे एवढा मोठा ग्रुप आहे, त्यातला एखादा मित्र मला गुरुवारच्या सकाळपुरता द्या. चांगल्यातला नको, तो तुम्हाला लागेल. थोडा कटकट्या, थोडा कमी ऐकू येणारा, बायकोनं घराबाहेर काढलेला, कसाही चालेल. फक्त त्याला गाडी येत असावी, आणि मी गुंगीत 'आरसा, आरसा' म्हणालो तर त्यानं मनाला लावून घेऊ नये. संध्याकाळपर्यंत जसा दिला तसा परत करीन.

ताईंना नमस्कार. कुत्र्यालाही काय ते सांगा. कळावे, लोभ आजवर नव्हता, आता असावा, ही विनंती.

आपला,
धाकटा साडू

ता. क. १: तपासणीबद्दल ताईंशी अवाक्षरही बोलू नका. ताईंना कळलं की आमच्या हिला कळायला फक्त फोन लागायचा वेळ. हिला वाटतंय मी वेळेवर जेवतो आणि संध्याकाळी फिरायला जातो. परवा नातवाला फोनवर माझ्यासमोर धरलं होतं. त्यानं जांभई दिली. मला ती पुन्हा बघायचीय, बरेच दिवस.

ता. क. २: आता हे लिहू की नको असं दोनदा झालं, पण लिहितो. तुमचा तो रविवारचा ग्रुप मी परवा पाहिला. पाचव्या रांगेत बसला होता. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या होत्या. झाडूवालीनं मला उठवलं तेव्हा तुम्ही मला पाहिलंत आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकलात. तुमच्या पायांत चपला होत्या, साडूभाऊ. मीही तुम्हाला दिसू नये म्हणून खांबामागे गेलो आणि तुमची रिक्षा निघेपर्यंत तिथेच उभा राहिलो. घरी येऊन मला फार लाज वाटली. तुमची नाही, माझी. आवाज दिला असता तर काय बिघडलं असतं? मी ताईंना काही बोलणार नाही. आमच्या हिलाही नाही. 'नाहीतर तुम्ही' मी पुढेही ऐकून घेईन, त्यानं तुमचं काम होत असेल तर. तेव्हा वर मागितलेला मित्र देऊ नका, तो तुमच्याकडे नाही हे मला माहीत आहे. माझं मागणं वेगळंच आहे. मला फार भीती वाटतेय. मी एकट्यानं जाऊ शकत नाही.

ता. क. ३: पाकीट बंद करून स्वतःच तुमच्या पत्रपेटीत टाकायला निघणार तेवढ्यात दवाखान्यातून काउंटरवरच्या बाईंचा फोन आला, सोबत कोण येणार ते सांगा म्हणून. माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. त्यांनी विचारलं, कोण लागतात तुमचे? म्हटलं, साडू. त्या म्हणाल्या, काका, असं लांबचं नको, अगदी घरचं कुणी सांगा, नाहीतर मित्र. तेव्हा तुम्हाला न विचारताच मी एक खोटं बोलून बसलोय. गुरुवारी सकाळी आठला त्या तुम्हाला तोंडावर विचारतील. तेवढं 'हो' म्हणा.